श्रीच्या पुढची अक्षरं

आमच्या घरात कागदाच्या डोक्यावर काही लिहायची पद्धत नव्हती. वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन, आई घरचं आवरून जवळच्या मळ्यात फुलं तोडायला जायची. घरात देव नव्हते, भिंतीवर दोन तसबिरी होत्या. वडिलांचं म्हणणं एवढंच, की लिहायचं ते सरळ लिहावं, त्याआधी कुणाला वाकायची गरज नाही. शाळेत मात्र पाटीवर आधी श्री काढावा लागे आणि मग त्याच्याखाली अक्षरं.

मला अक्षरं शिकवली आक्कानं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून बरीच मोठी. तिनं पाटीच्या वरच्या बाजूला बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही जागा मोकळी ठेवायची. गुर्जींनी इचारलं तर सांग, आमच्याकडं असंच हाय." गुरुजींनी विचारलं, मी सांगितलं आणि हातावर छडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आक्का वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं गुरुजींना काय सुनावलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर त्यांनी माझ्या पाटीत कधी डोकावून पाहिलं नाही. आक्काच्या नाकावर राग असायचा. माझ्या नाकावर जो आहे तो तिच्याकडूनच आलेला असणार.

हे आधी सांगितलं, कारण पुढं लातूरला नोकरीत तोच श्री मला पुन्हा भेटला. तेव्हा सवाल छडीचा नव्हता, आक्काच्या पाण्याचा होता.

आक्काला दिलं होतं उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका गावात. घरात मराठी, बाजारात कानडी आणि देगलूरकडचा पाहुणा आला की थोडी तेलुगू, असं ते गाव. आमच्या लोकांची वस्ती गावापासून बाजूला, ओढ्याच्या अलीकडं. आक्का आणि दाजी दोघंही मजुरीला जायचे. पोरं शिकायला नांदेडला, तिथं राहायला गेलेल्या माझ्या आईवडिलांजवळ. गावाची विहीर देवळाच्या पुढ्यात होती. वस्तीच्या बायांना तिथं यायला कुणी मनाई करत नव्हतं. फक्त त्यांनी बाजूला थांबायचं आणि गावाचं भरून झालं, की कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतायचं, अशी तिथली रीत होती. लग्न होऊन गेल्या गेल्या आक्कानं ती रीत पाहिली आणि त्या विहिरीकडं पाय टाकायचा नाही असं ठरवून टाकलं. वस्तीवर हापसा होता तोवर तिचं निभलं.

त्या वर्षीच्या दुष्काळाचं वर्णन करत बसत नाही. लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्या वडिलांना त्याचा कोण अभिमान वाटला. जणू ती गाडी त्यांनीच ढकलत आणली होती. इकडं आक्काच्या वस्तीवरचा हापसा खडखडायला लागला. तिच्यापुढं दोन वाटा उरल्या. देवळापुढं जाऊन बाजूला थांबायचं, नाहीतर ओढ्याच्या वरच्या अंगाला पडीक रानात एक जुनी विहीर होती, तिच्यात उतरायचं. त्या विहिरीच्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या आणि तळाला डबक्याएवढं पाणी होतं. आक्का कुठली वाट धरणार, हे मला न विचारताही माहीत होतं.

मी तेव्हा लातूरला एका टँकर ठेकेदाराच्या ऑफिसात होतो. नांदेडला कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं, पुण्याला जायचं धाडस झालं नाही, म्हणून हे. माझ्याकडं गाड्यांचं काम होतं, म्हणजे डिझेल, टायर, दुरुस्ती यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम. कुठला टँकर उद्या कुठल्या गावाला किती खेपा टाकणार, हे ठरवायचं काम मात्र एका स्क्रिप्टकडं होतं. ती माझ्या आधीच्या पोरानं लिहिली होती आणि तो केव्हाच निघून गेला होता. तिचं नाव त्यानं "खेप" असंच ठेवलं होतं.

ज्यांनी तो काळा पडदा कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अशा स्क्रिप्टला बटणं नसतात. पडद्यावर तिचं नाव टाइप करायचं आणि नावापुढं तिला काय काय हवं-नको ते सांगायचं. सांगायची पद्धत म्हणजे आधी डॅश आणि त्याला चिकटून एक अक्षर. अक्षरं इंग्रजी असत, मी इथं मराठीत लिहितो. "खेप -न -प ३" असं लिहिलं, की स्क्रिप्ट समजायची, नवा आराखडा घ्यायचा आणि तीन प्रती छापायच्या. काहीच सांगितलं नाही, तर ती गप जुना आराखडा घ्यायची आणि एक प्रत काढायची. यांना ऑप्शन म्हणतात. घरातल्या कर्त्या माणसासारखं त्या स्क्रिप्टचं होतं. कुणी काही सांगितलं नाही, की आपल्या जुन्या सवयीनं चालायचं.

नवा आराखडा आला तो नव्या जिल्ह्याच्या आशेनं. उदगीर जिल्हा होणार, ही हवा अधूनमधून सुटायचीच. त्या वर्षी ती जरा जोरात सुटली होती. दुकानांच्या पाट्यांवर लोकांनी गावाखाली जिल्हा म्हणून उदगीर लिहायला सुरुवातसुद्धा केली होती. आमच्या मालकानं मनात धरलं, की जिल्हा झाला की पहिल्या दिवसापासून तिथलं काम आपल्याकडं पाहिजे, आणि त्यासाठी तिकडच्या गावांना आत्तापासून झकास पाणी द्यायचं. मग त्या बाजूच्या गावांचा वेगळा आराखडा केला गेला. त्यात गावाला वेगळी खेप आणि गावाबाहेरच्या वस्तीला वेगळी खेप. जुन्या आराखड्यात वस्तीचं नावच नव्हतं, सगळं पाणी गावाच्या विहिरीत जायचं. मालकाला काही समाजसुधारणा करायची नव्हती. त्याला नवा जिल्हा हवा होता. पण त्याच्या हावरेपणापायी आक्काच्या दारासमोर टँकर येऊन उभा राहायला लागला आणि मला तो माणूस काही दिवस देवमाणूस वाटला.

आक्काचा फोन आला होता तेव्हा. "टँकर आलाय रं वस्तीवर. पाईप सोडून ड्रम भरून द्यायला लागलेत." मी म्हटलं, आमचाच टँकर आहे. तर म्हणे, "तुझा कसला, मालकाचा हाय." पण आवाजात खुशी होती. तिच्या घरापुढं निळा ड्रम होता, त्याला तिनं लाकडी झाकण करून घेतलं. पडक्या विहिरीवर जायचं बंद झालं. माझ्या जिवाला तेवढाच आराम होता.

तेव्हा ती स्क्रिप्ट चालवायला एक मुलगी होती. तिचं लग्न ठरलं आणि ती गेली. तिच्या जागी मालकानं एक वयस्क गृहस्थ आणून बसवले. उदगीरचे, लिंगायत, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. दुष्काळात गिऱ्हाईक आटलं आणि दुकान बसलं. मालकाच्या ओळखीतले, म्हणून ही खुर्ची. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, इस्त्रीचा पांढरा सदरा. कॉम्प्युटरला ते दबकून असायचे. कीबोर्डवरची अक्षरं एका बोटानं अशी दाबायचे, की आतून काही बाहेर येईल. मला "इंजिनेर" म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे, जरी मी त्यांच्या पोराच्या वयाचा होतो.

जाता जाता त्या मुलीनं त्यांना शिकवून ठेवलं होतं, अमुक टाइप करा, तमुक दाबा, चिठ्ठ्या निघाल्या की ड्रायव्हरांना वाटा. अण्णांनी ते पाठ केलं होतं. एकदा ते सहज म्हणाले, "ह्या मशीनला तीन मागितले तरी एकच कागद देतंय. मी आपला तीनदा चालवतो." ऑफिसात सगळे हसले. प्रिंटर जुनाच होता, त्याच्या नावावर काहीही खपून जायचं.

ऊन तापत गेलं. उदगीर जिल्ह्याची हवा विरली, वर्तमानपत्रं दुसऱ्या गोष्टींकडं वळली. आणि एका दुपारी दाजींचा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. आक्का विहिरीत पडली होती.

मी उदगीरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला पलंगावर आडवं केलेलं होतं. कमरेचं हाड मोडलं होतं, एका बाजूचा चेहरा सुजून डोळा मिटला होता. पायरी निसटली आणि ती भरल्या घागरीसकट खाली गेली होती. पाणी गुडघाभर असतं, तर लागलं कमी असतं. तळाला दगडच होते. मला पाहून ती म्हणाली, "तू कामून आलास? रजा मिळती का तुला?"

मला राग आला. काळजी वाटली की मला राग येतो, हे माझं जुनं दुखणं आहे. मी म्हटलं, "दारात टँकर येतो आणि तू त्या मसणातल्या विहिरीवर कशाला गेलीस?"

तिनं डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. दाजीच बोलले. "टँकर बंद हाय की. लई दिवस झाले. गावात येतो, वस्तीवर येत न्हाई."

"मग मला फोन का नाही केला? मी त्याच ऑफिसात बसतो ना?"

आक्का म्हणाली, "तुला काय सांगायचं त्यात? बंद झाला, झाला. सुरू झालता तवाच नवल वाटलं व्हतं."

मी तिचा हात धरून बसलो. आमच्या आक्कानं, जी माझ्या पाटीसाठी गुरुजींशी भांडायला शाळेत आली होती, तिनं टँकर बंद झाल्यावर एक फोनसुद्धा केला नव्हता. तिनं देवळापुढं बाजूला थांबायला नकार दिला, ती गुपचूप त्या पायऱ्या उतरायला लागली, आणि टँकर का थांबला हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. मला त्याचाच जास्त त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, नांदेडला हलवा. आम्ही हलवलं. आई तिच्या उशाशी बसली आणि मी रात्रीची गाडी धरून लातूरला आलो.

रस्ताभर मी अण्णांच्या कपाळावरचे पट्टे डोळ्यांपुढं आणत होतो. उदगीरचा माणूस, तिकडची गावं त्याच्या ओळखीची, देवळापुढं बसणारी मंडळी त्याच्या दुकानाची गिऱ्हाइकं. कुणीतरी शब्द टाकला असणार, वस्तीची खेप आमच्याकडं वळवा म्हणून, आणि यानं वळवली असणार. मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. सकाळी ऑफिसात शिरलो तो थेट त्यांच्या टेबलापाशी.

"अण्णा, उदगीरकडच्या वस्त्या कुणी काढल्या?"

"कुठल्या वस्त्या?"

"टँकरच्या. कुणी सांगितलं तुम्हाला काढायला?"

अण्णा घाबरले. "मी कशाला काढू ओ इंजिनेर? मशीन देतंय ते मी ड्रायव्हरला देतोय."

"माझ्यासमोर चालवा."

त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. खेप. मग एक जागा सोडली. मग त्यांनी श्री लिहिला. इंग्रजी अक्षरांत, पण श्रीच. मग पुन्हा जागा सोडली आणि पुढं -न आणि -प ३, अगदी बिनचूक. एंटर दाबलं. प्रिंटरनं एक कागद काढला. त्यावर जुना आराखडा होता. वस्त्या नव्हत्या.

"हे काय घातलंय तुम्ही मधे?"

"श्री हाय."

"ते दिसतंय. कशाला?"

"पैला श्री घातल्याबिगर माझा हात चालत न्हाई," अण्णा म्हणाले. "दुकानात साधी पुडी बांधायच्या कागदावर काय लिहायचं असलं तरी वर श्री. बापानं लावलेली सवय हाय. हितं आल्यावर मी अगदी सुरवातीला घालून बघितला, तर मशीन वरडलं. त्या पोरीला इचारलं, ती म्हणाली, आधी नाव पायजे, मग बाकीचं. म्हणून मी नावाच्या पुढं घातला. मग न्हाई वरडलं."

मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. ते का ओरडलं नव्हतं, हे मला तिथल्या तिथं कळलं. अशा स्क्रिप्टा नावापुढचे शब्द एकेक करून वाचतात. शब्दाच्या तोंडाशी डॅश असला, की हा हुकूम आहे असं समजून तो पाळतात. हुकुमाला जोडून येणारा आकडा सोडला, तर ज्या शब्दाला डॅश नाही असा पहिला शब्द भेटला, की हुकूम संपले असं धरून वाचणं थांबवतात. त्याच्यापुढं काहीही लिहा, ते हुकुमात जमा होत नाही. श्रीला डॅश नव्हता. त्यामुळं श्रीच्या पुढची अक्षरं, म्हणजे नवा आराखडा आणि तीन प्रती, स्क्रिप्टनं कधी वाचलीच नव्हती. आणि नको असलेला शब्द आला तर तक्रार कर, असंही लिहिणाऱ्यानं तिला शिकवलं नव्हतं. तिनं आपली जुनी सवय धरली. अण्णा आल्या दिवसापासून वस्त्यांचं पाणी गावाच्या विहिरीत पडत होतं.

मी अण्णांना हे समजावून सांगितलं आणि वर म्हणालो, "तुमच्या श्रीपायी माझी बहीण विहिरीत पडली." तसं म्हणायला नको होतं वगैरे मला वाटत नाही. म्हणायलाच हवं होतं, कुणीतरी कुणाला तरी.

अण्णांनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग येवढे दिवस कुणी बोललं कसं न्हाई?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला पावशेर कमी गेलं, तर ते घरापर्यंत जायच्या आत परत येऊन भांडतं. इथं किती वस्त्यांचं पाणी गेलं आणि कुणीच परत आलं नाही.

मी त्या दिवशी ड्रायव्हरांना विचारत सुटलो. त्यांना वाटलं होतं, जिल्हा बारगळला म्हणून मालकानं नवा आराखडा बंद केला. मालकाला वाटत होतं, नवा आराखडा छान चालू आहे, कारण टँकर तेवढेच धावत होते, खेपा तेवढ्याच पडत होत्या. गावांना खेपा वाढल्या होत्या आणि वाढल्याची तक्रार कोण करतो? आणि वस्त्यांना वाटलं होतं, गावानं खेप वळवून घेतली. हे सगळं ज्याला त्याला पटलेलं होतं. एक चूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रोज घडत होती आणि ती चुकीसारखी दिसतच नव्हती. उलटं झालं असतं, म्हणजे श्रीपायी गावाचं पाणी वस्तीवर पडलं असतं, तर दुपारच्या आत ऑफिसच्या काचा फुटल्या असत्या. मी चुकीच्या माणसावर संशय घेतला होता, पण संशय घेण्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी स्क्रिप्ट उघडली. मला तिच्यात एकच गोष्ट लिहायची होती. पहिला शब्द डॅशवाचून आला, की थांब, चिठ्ठ्या काढू नकोस आणि मोठ्यानं ओरड. तसं लिहून मी मालकाला दाखवलं. मालक हसला. "अण्णाची सवय न्हाई जायची आता. एखाद्या दिवशी घालणार श्री, मशीन बसणार आडून, आन् उद्याचे टँकर जागेवर उभे राहणार. तू असं कर, श्री आला की सोडून दे म्हणावं आणि पुढचं वाच."

त्याचं बरोबर होतं, त्यामुळं जास्तच चीड आली. चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, तर गाव आणि वस्ती दोन्ही कोरडी राहणार. अण्णांना मी त्या दिवशी श्रीशिवाय चालवायला सांगून पाहिलं होतं. त्यांनी बोट उचललं, ते कीबोर्डच्या वर थांबलं आणि थांबूनच राहिलं. घाम फुटला माणसाला. शेवटी म्हणाले, "तुमी चालवा आज."

मग मी लिहिलं. कुठलाही परका शब्द आला तर थांब आणि ओरड, पण तो शब्द श्री असेल तर मुकाट्यानं बाजूला ठेव आणि पुढचं वाच. त्यासाठी मला तो शब्द माझ्या हातानं स्क्रिप्टमध्ये लिहावा लागला. हुकूम वाचायला सुरुवात होते, त्याच्या बरोबर वर. आक्कानं मला जी जागा मोकळी ठेवायला शिकवली होती, त्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदा श्री लिहिला, तो आक्काच्या दारात पाणी यावं म्हणून. लिहून झाल्यावर मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो. मला रडायचं होतं, पण तिथं ड्रायव्हर विड्या ओढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांवर वस्त्या आल्या. ते आक्काला सांगायला मी नांदेडला गेलो. तिला धाप लागली होती. झोपून झोपून छातीत कफ भरला होता आणि नळी लावलेली होती. मी तिच्या कानाशी सांगितलं, "आक्का, वस्तीवर टँकर सुरू झाला. गावानं नव्हता बंद केला, आमच्या ऑफिसातली चूक होती." तिनं ऐकलं का ते माहीत नाही. तिनं नुसती मान हलवली, आणि ती आईकडं पाणी मागण्यासाठीही तशीच हलवत होती. पुढच्या आठवड्यात आक्का गेली.

अण्णा मातीला आले होते. लातूरहून एकटे बस बदलत आले, सगळ्यांच्या मागं उभे राहिले, आणि कुणी ओळख करून घ्यायच्या आत निघून गेले. ऑफिसात त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे ते खाली बघून. श्री मात्र घालायचे. घालू नका असं मी म्हटलं नाही आणि घाला असंही म्हटलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही सगळे वस्तीवर जमलो. त्रिशरण झालं, दोन माणसं बोलली. स्वयंपाकाला आणि हातपाय धुवायला पाणी होतं, कारण सकाळी टँकर येऊन गेला होता आणि परत एकदा येणार होता. बायांमध्ये त्याचीच चर्चा चालली होती. एकीचं म्हणणं, आक्का गेल्यावर गावाला शरम वाटली. दुसरी म्हणाली, कसली शरम, कुणीतरी तालुक्याला अर्ज केला असणार.

मला राहवलं नाही. मी त्यांना खरं सांगायला बसलो. गावानं काही केलं नव्हतं, म्हटलं. मशीनला एक शब्द जादा लिहिला गेला आणि तिनं पुढचं वाचायचं सोडून दिलं. मुद्दाम कुणीच केलं नाही. मी हातवारे करत सांगत होतो आणि माझं मलाच ते पांचट वाटत होतं. बाया ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं.

आक्काची शेजारीण, एक म्हातारी, ओट्याला टेकून बसली होती. ती म्हणाली, "कुणीच केलं न्हाई म्हणतोस?"

"हाव. कुणीच नाही."

"कुणी केलं असतं, तर भांडता तरी आलं असतं," म्हातारी म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून उठली, कारण टँकरचा हॉर्न वाजला होता.

बाया घागरी, बादल्या घेऊन निघाल्या. ड्रायव्हरनं पाईप सोडला. प्रत्येक दारापुढचा ड्रम भरत तो पुढं सरकत होता. आक्काच्या दारापाशी त्यानं पाईप आवरता घेतला, त्याला कुणीतरी सांगितलं असावं. म्हातारीनं त्याच्या हातातून पाईप घेतला, आक्काच्या निळ्या ड्रमचं लाकडी झाकण बाजूला केलं आणि पाईप आत सोडला. ड्रम काठोकाठ भरला. दाजी उंबऱ्यात बसून बघत होते. घरात आता ते एकटे होते, एवढं पाणी त्यांना कशाला लागणार होतं.

मी म्हटलं, "दाजी, थोडं शेजारी देऊन टाकू का?"

"राहू द्या भरलेला," दाजी म्हणाले. "उद्या येईल न येईल." आणि उठून त्यांनी ड्रमवर झाकण ठेवलं.